वहीतली सही

रुग्णवाहिकेवरच्या त्या शिकाऊ मुलीला तिच्या वरिष्ठाने फसवलं. शनिवार पेठेतल्या दुकानात मी छाती धरून कोसळलो, तेव्हा रुग्णवाहिकेत माझ्याजवळ ती एकटीच होती. तिचे वरिष्ठ साहेब पुढे ड्रायव्हरशेजारी. चिकटपट्टीचे तुकडे तिने आधीच फाडून बाहीवर लावून ठेवले होते. मी ओरडलो, तर म्हणाली, “काका, भांडा खुशाल, पण हात हलवू नका,” आणि धावत्या गाडीत पहिल्याच प्रयत्नात सलाईनची सुई लावली.

रुग्णालयात तिने साहेबांपुढे वही केली. केलेल्या प्रत्येक कामासाठी वहीत वरिष्ठाची सही असल्याशिवाय तिला परीक्षेला बसता येत नाही.

साहेब म्हणाले, “मी पाहिलं नाही. सही नाही.”

“आण इकडे, मी करतो!” मी स्ट्रेचरवरूनच म्हणालो.

“पेशंटची सही धरत नाहीत, काका.”

का धरत नाहीत? सुई टोचली तो हात माझा होता. शिकवायला नेमलेला माणूस पुढे बसून काय पाहत होता, ते त्याने माझ्यासमोर येऊन सांगावं.