मीठ बघणारी

माझ्या खालच्या दातांच्या हिरड्या सरकून मुळं उघडी पडली होती. हिमायतनगरच्या डॉक्टरांनी टाळूची पातळ कातडी काढून तिथे शिवली आणि बजावलं, तिखट-गरम काही नको, बोलणंही कमीच.

संध्याकाळी अंबरपेठहून धाकटी नणंद मला बघायला आली. "वहिनी, तुम्ही पडा, स्वयंपाक मी करते," म्हणाली. मग डबे दाखवायला मलाच उठवत राहिली. शेवटी वाफाळत्या बगारा बैंगनच्या, म्हणजे भरल्या वांग्यांच्या रश्शाचा चमचा घेऊन पलंगाशी आली. "माझी संकष्टी आहे, चंद्र दिसेपर्यंत चाखता येत नाही. जरा मीठ बघा ना."

मी तोंडाकडे बोट दाखवलं. नवऱ्याने मोबाइलमधून मानही वर केली नाही. "जिभेच्या टोकाला लावायला काय होतंय? मला नाही कळत मिठातलं."

टाके माझ्या टाळूला, उपास तिचा, आणि अडलं होतं ते माझ्या जिभेपाशी.

मी उठले, एकटीच स्वयंपाकघरात गेले, न चाखताच कढईत मूठभर मीठ टाकलं आणि बाहेर येऊन ठीक आहे अशी मान हलवली.

चंद्र दिसल्यावर दोघं जेवायला बसले. पहिल्या घासानंतर कुणी एक शब्द बोललं नाही. बोलायची मनाई खरं तर मला होती.