इचलकरंजीची तक्रार

आईच्या आजारपणात मी पुण्याहून कोल्हापूरला आले आणि ती गेल्यावर इथंच राहिले. नोकरी बेंगळुरूच्या एका कंपनीची, काम घरून. त्यामुळं परत ये म्हणणारं कुणी नव्हतं, आणि राहा म्हणणारंही.

शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. काही दिवस असे जायचे, की दुपारी कुरिअरवाला आला आणि त्याला ‘हो’ म्हणाले की लक्षात यायचं, आज तोंडातून निघालेला हा पहिला शब्द. आवाज घोगरा यायचा. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, “तुझं बरं हाय बघ, घरातच ऑफिस.” मी हसायची. नेमकं काय करतेस, असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. कॉम्प्युटरचं, म्हणाले. तेवढ्यावर दोघींचं भागलं.

आमची कंपनी कारखान्यांसाठी छोटे संगणक बनवते. साधारण डब्याएवढे. यंत्र कधी चाललं, कधी थांबलं, याची नोंद ते ठेवतात. त्यांतली माहिती डिस्कवर लिहिणारा आणि वाचणारा जो प्रोग्रॅम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो माझ्याकडं होता. या डब्यांत मेमरी मुळातच कमी. आणि आमचा ड्रायव्हर मशीन सुरू झाल्याझाल्या त्यातली बरीच जागा अडवून बसायचा. एकाच वेळी लिहिण्या-वाचण्याची शेकडो कामं आली तर, या हिशेबानं प्रत्येक कामासाठी आधीच जागा राखलेली. प्रत्यक्षात एका वेळी पाच-सहा कामंही नसायची.

मी ती सगळी राखीव जागा काढून टाकली. काम आलं की मागायची, झालं की परत करायची. तीन आठवडे त्यातच होते. शेवटी मोकळ्या झालेल्या मेमरीचे जे आकडे आले, ते बघून मी खुर्चीतून उठले आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. सांगावं असं कुणी नव्हतं.

माझं काम तपासायला एक ज्येष्ठ सहकारी होते. चार वर्षांत त्यांचा चेहरा मी पाहिला नव्हता, मीटिंगमध्ये त्यांचा कॅमेरा बंद असायचा. त्यांनी एवढंच लिहिलं, “मेमरी पूर्ण भरलेली असताना जागा मागितली आणि मिळाली नाही, तर?” मी उत्तर दिलं, “थोडं थांबून पुन्हा मागेल.” उत्तर जरा तोऱ्यातच दिलं होतं. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही आणि बदल सगळ्या मशीनवर गेला.

महिन्याभरानं तक्रार आली. एक डबा दिवसातून दोनदा गोठतोय, बंद करून चालू करावा लागतोय. तक्रारीखाली गावाचं नाव होतं, इचलकरंजी.

आमची मशीन कुठंकुठं जायची, त्यातली बरीच नावं मला नकाशात शोधावी लागत. हे गाव एसटीनं तासाभरावर. नियमाप्रमाणं मी ग्राहकाशी बोलायचं नसतं, ते काम दुसऱ्यांचं. तरी फोन लावला. पलीकडं यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्यावर ओरडणारा एक पुरुष.

“पावणं, कोण बोलताय? मोठ्यानं बोला की!”

मी ओरडून सांगितलं, तुमच्या मशीनमधला तो प्रोग्रॅम मी लिहिलाय.

“तुमी? आन् बोलताय कुठनं?”

“कोल्हापुरातनं.”

 तो म्हणाला, “अवो, मग फोन कशाला करताय? या की!”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. फोनवर बोललेला माणूस कारखान्याचा मालकच होता, पन्नाशीचा, केसांवर, भुवयांवर सुताचे पांढरे तंतू. शेडमध्ये शिरल्यावर माझ्या छातीत मागांचे ठोके बसायला लागले. कामगार एकमेकांशी ओठांच्या आणि हातांच्या हालचालींनी बोलत होते. काचेच्या केबिनमध्ये टेबलावर तो डबा होता. हजारोंनी बाहेर पडलेल्या त्या डब्यांपैकी एक, कामावर असलेला, मी पहिल्यांदाच बघत होते. त्याच्यावर कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं.

“दसऱ्याला लावलंय,” तो म्हणाला. “आवंदा दोन कॅमेरे जोडले, तवापास्नं ह्याचं असंच चाललंय. म्हटलं आमचंच कायतरी चुकलं.”

मी लॅपटॉप जोडला आणि बसले. अकराच्या सुमारास कॅमेऱ्यांचं चित्रण डिस्कवर जायला लागलं, मेमरी भरत गेली, आणि माझ्यासमोर डबा गोठला. पडद्यावरच्या शेवटच्या ओळी मी दोनदा वाचल्या. मग कळलं, आणि कान गरम झाले.

मेमरी भरली की ऑपरेटिंग सिस्टिम त्यातली काही माहिती डिस्कवर लिहिते आणि जागा मोकळी करते. पण ते लिहिण्याचं काम ड्रायव्हरचं, आणि त्यालाही थोडी जागा लागतेच. ती मी ठेवलीच नव्हती. जागा मिळाल्याशिवाय तो लिहिणार नाही, आणि त्यानं लिहिल्याशिवाय जागा होणार नाही. थांबून पुन्हा मागेल, असं मी लिहिलं होतं. मागत होता बिचारा, जन्मभर मागत बसला असता. सहकाऱ्यांनी हेच विचारलं होतं.

“चूक तुमची नाही,” मी मालकाला म्हणाले. “माझी आहे.”

मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, “सापडली न्हवं? मग झालं की. चला जेवायला.”

घर कारखान्याच्या मागंच होतं. त्याच्या बायकोनं भाकरी, वांग्याची भाजी आणि खर्डा वाढला. मी नको नको म्हणत असताना दुसरी भाकरी पानात पडली.

“घरी कोण कोण असतंय?” तिनं विचारलं.

“मी एकटीच.”

 तिनं दह्याची वाटी माझ्याकडं सरकवली. मी अर्धा तांब्या पाणी प्यायले. खर्डा तिखट आहे, असं म्हणाले.

निघताना तिनं कागदात बांधून दोन भाकऱ्या दिल्या. त्या रात्री मला स्वयंपाक करावा लागला नाही.

दुरुस्ती लहान होती. सगळी नाही, पण मोजक्या कामांपुरती जागा कायमची राखायची, बाकीची लागेल तशी मागायची. सहकाऱ्यांना लिहिलं, तुमचा प्रश्न बरोबर होता, मी नीट ऐकलं नाही. त्यांचं उत्तर आलं, “आता ठीक आहे.” बदल इचलकरंजीला आधी पाठवला. आठवडाभर मी रोज फोन करायची, आणि मालक शेडबाहेर येऊन सांगायचा, “न्हाई थांबला आज.” आठव्या दिवशी तक्रार बंद झाली. फोन करायला कारण उरलं नाही.

आमच्या कामाचं असंच असतं. नीट चाललं की ते आहे हे कुणाच्या गावी नसतं.

दीडेक महिन्यानं मी तरीही फोन लावला.

“चालतंय की एकदम झकास,” तो ओरडला. “का वो, काय बिघडलंय काय?”

“नाही, सहज केला.”

“सहज व्हय?”  तो शेडबाहेर आला असावा, मागांचा आवाज कमी झाला. मग तो म्हणाला, “या की एकदा. मंडळी इचारत असत्यात, त्या म्याडम परत आल्या न्हाईत म्हणून. कामाशिवाय या.”

येते, म्हणाले.

त्यालाही आता बरेच महिने झाले. एकदा स्टँडवर गेलेही होते. इचलकरंजीची गाडी लागलेली होती, खिडकीजवळची जागा रिकामी होती. पण कामाशिवाय कुणाच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मला ठरवता आलं नाही. गाडी सुटली, आणि मी बाजारातून भाजी घेऊन घरी आले.