दहिवलीतलं माझं दुसरं बारसं

आरमारातून निवृत्त होऊन घरी आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, एवढ्या वर्षांत सर्वांत मोठा धक्का कशाचा बसला? विचारणाऱ्याला तोफा हव्या असतात, वादळ हवं असतं. दोन्ही पाहिलं. महायुद्धात आमची बोट सुरुंगावर आपटून दुभंगली, तेही पाहिलं. पण त्या पाण्यातही माझं डोकं ठिकाणावर होतं. ते चालेनासं झालं दहिवलीत, आमच्या स्वतःच्या अंगणात.

मी बी. ए. आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीसुद्धा पुरी केली नव्हती. त्या पदवीवर बोटीवर कारकुनाची जागा मिळाली आणि युद्ध लागलं. बोट बुडाली तेव्हा परक्या मुलखातल्या मच्छीमारांनी मला वर ओढलं. पुढे किती तरी महिने तापात एका इस्पितळात पडून होतो. घरी कळवलेलं पोचलंच नाही. त्याआधी सरकारी तार मात्र पोचली होती : बोट बुडाली, माणसांचा पत्ता नाही.

कर्जतला गाडीतून उतरलो आणि नदी ओलांडून दहिवलीकडे निघालो. अंगावर सरकारी कपडे, पायात चकचकीत बूट. पाणवठ्यावरच्या एका बाईनं मला पाहिलं आणि तिच्या हातातली कळशी पडली. दुसरी पळालीच. मला वाटलं, कपड्यांचा रुबाब. खरं सांगतो, छाती थोडी फुगलीच.

आई अंगणात भात वाळत घालत होती. धावत येईल, गळ्यात पडेल असं धरून चाललो होतो. ती जागची हलली नाही. माझ्या तोंडाकडे बघेना, पायांकडे बघत राहिली.

"बूट काढ."

"आई, अगं मी..."

"आदी बूट काढ रं!"

काढले. पावलं सुलटी आहेत हे दिसल्यावर तिनं हंबरडा फोडला आणि भातातच बसली. मी पुढे झालो तर थोरल्या चुलत्यानं उंबऱ्यावर काठी आडवी धरली.

"थांब. तुजं समदं झालंय."

"काय झालंय?"

"दहावं, तेरावं. गवताचा पुतळा केला, नदीवर जाळला. कायबी कमी केलं नाय तुला." चुलत्याच्या बोलण्यात कौतुकच होतं. "पन कावळा शिवंना बग. घटकाभर समदे उन्हात. मंग मी म्हनलं, बाबा, तुजी पुस्तकं इकनार नाय. तसा झडप घालून आला!"

माझ्या नावाच्या पिंडाला कावळा शिवला होता. मी तिकडे इस्पितळात पेज पीत होतो आणि इकडे माझी इच्छा पुरी झाली होती. मी विचारलं, "काका, मी जिवंत होतो. मग तो शिवला कुणासाठी?"

चुलता विचारात पडला. "भूक लागली असंल त्याला," तो म्हणाला.

हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मग कळलं की ज्याचा पुतळा जळाला त्याला घरात यायचं तर नव्यानं जन्मावं लागतं. बाळासारखी आंघोळ, पाळणा, बारसं, आणि बायको असेल तर तिच्याशी पुन्हा लग्न. तोवर मुक्काम गोठ्यात. मी संतापलो. विद्यापीठाची परीक्षा दिलेला माणूस मी, पाळण्यात झोपणार नाही, असं ठणकावलं.

आई म्हणाली, "तू कोन ते मला कळतंय. पन तू असाच आत आलास तर मेलेला मानूस घरात आला. तुज्या बायकूचं कपाळ तसंच ऱ्हाईल. कोन लावू दील तिला कुकू?"

तेव्हा मागल्या दाराकडे माझं लक्ष गेलं. माझी बायको तिथं उभी होती. दारावर ठेवलेला तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत रिकामा होता. बोटीचे दोन तुकडे होताना पाहिले होते मी, पण त्या हाताकडे मला बघवेना. मी गोठ्यात जाऊन बसलो.

माझ्या मापाचा पाळणा कुठला असायला? आढ्याला घोंगडीची झोळी बांधली. मिशीवाला मी तिच्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलो. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. आत्यानं कानाशी तोंड आणलं.

"नवं नाव काय ठिवू रं?"

"जुनंच ठेव. पदवी त्या नावावर आहे."

"बरं बाबा. नायतर परत कोन शिकवील तुला!" म्हणत तिनं कानात कुर्र केलं.

दुसऱ्या दिवशी लग्न. अंतरपाट धरला. भटजींनी आपलं रीत म्हणून विचारलं, "मुलगी राजी आहे ना?"

कुणी उत्तराची वाट बघत नव्हतं. तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून ती आत्याला म्हणाली, "आत्याबाय, पैल्या लग्नात मी नऊ वर्साची व्हते. मला कोनी इचारलं नव्हतं. आता इचारलंय तर सांगते. ह्यांना बोटीवर जायचं असंल तर जाऊ दे. पन फुडं तार येऊ दे नायतर लाटसायेब येऊ दे, मी माज्या डोळ्यांनी बगितल्याबिगर बांगड्या फोडनार नाय. कबूल असंल तर माळ घालते. नसंल तर ह्ये आपले पाळन्यात बरे."

भटजींच्या हातून अक्षता सांडल्या. आणि मी? मला घरात घ्यायचं की नाही यावर कालपासून भांडत होतो. तिलाही मला नको म्हणता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चुलता म्हणाला, "असं कुटं असतं व्हय गं?"

आई मध्येच बोलली. "कबूल. मीच फोडल्या व्हत्या तिच्या. कबूल!"

अंतरपाट खाली आला. तिनं माळ घातली.

नंतर मी पुन्हा बोटीवर गेलो. एडन, बसरा, रंगून, नोकरीतली सगळी वर्षं पाण्यावर गेली. एकदा वादळात आमची बोट भरकटली आणि फार दिवस बंदराला लागली नाही. बोट बुडाली अशी आवई गावात उठली. चुलता चार बायकांना घेऊन आमच्या दारात आला. बायको ओटीवर तांदूळ निवडत बसली होती, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिनं त्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. हे मला आईनं मागाहून सांगितलं.

पुढल्या पंधरवड्यात मी अंगणात येऊन उभा राहिलो. ती तिथंच ओटीवर होती. सवयीनं मी आधी बूट काढायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या," ती सूप बाजूला ठेवत म्हणाली. "पाय ठावं हायेत मला. आत या."