उत्तरं देणाऱ्या माणसाजवळ उरलेला एक शब्द

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खिशातला पेन काढून माझ्या यजमानांसमोर धरला आणि विचारलं, "हे काय आहे?"

हे म्हणाले, "हो."

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. पुन्हा "हो". मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि या कोण?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत ओळख पुरती होती. ओठ हलले, मानेची शीर ताणली गेली आणि तोच शब्द बाहेर आला.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "स्ट्रोक आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोहोचलं नाही, म्हणून उजवा हात आणि पाय लुळा पडला. बोलणं गेलं त्याला आम्ही अ‍ॅफेझिया म्हणतो. जीभ ठीक आहे, समजही बरीच आहे. शब्द जिथे तयार होतात त्या जागेला मार बसला आहे."

बोलतील ना, असं मी विचारलं. काही शब्द येतील, किती ते कोणीच सांगू शकत नाही, असं ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी तिथेच उभी राहिले. रडूही आलं नाही. ज्या माणसाजवळ प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं त्याच्याजवळ एकच शब्द उरला आहे, हे डोक्यात शिरतच नव्हतं.

माझे यजमान शांतवन पांढुर्णा स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मोजकीच. छिंदवाड्याच्या चर्चचे पाळक महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी आमच्याच घरात उपासना व्हायची आणि हे उपदेश करायचे. कोणाच्या घरी मरण झालं, कोणाचा मुलगा नापास झाला, की लोक ह्यांच्याकडे यायचे. शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, नेमकं वचन ह्यांना तोंडपाठ असायचं.

मी मोहगावची, बौद्ध घरातली. लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा घेतला. माझ्या बाबांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, की ते शास्त्र तू पूर्ण वाचून पाहिलंस का. मी म्हटलं होतं, ज्यांनी वाचलं आहे त्यांच्याशीच लग्न करते आहे. पुढे शाळेतली नोकरी, घर, यात मी ह्यांनी वाचून दाखवलं तेवढंच शास्त्र ऐकलं. तेवढ्यावर माझा विश्वास पक्का होता.

पंच्याऐंशी सालचा हिवाळा होता. आठवडाभर आधीपासून ह्यांच्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. एकदा चहाचा कप हातातून निसटला. ब्लडप्रेशरच्या गोळ्या हे मनाला येईल तशा घ्यायचे. दोन्ही गोष्टींकडे आम्ही लक्ष दिलं नाही. वाचणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

त्या सकाळी खिडकीवर एका बाईनं नरखेडचं तिकीट मागितलं. हे "हो" म्हणाले आणि तसेच बसून राहिले. तिनं पुन्हा मागितलं, हे पुन्हा "हो" म्हणाले. रांगेतले लोक हसले. मग हातातली चिल्लर खाली सांडली आणि हे खुर्चीवरून एका बाजूला कलले, तेव्हा आतले लोक धावले. मला शाळेत निरोप आला. गावातल्या सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं आणि लगेच नागपूरला न्या म्हणाले. मिळेल त्या गाडीनं आम्ही निघालो. स्टेशनवरचे दोघं सोबत होते.

त्या काळी डोक्याचा स्कॅन जिथे तिथे होत नसे. डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं. त्याला लंबर पंक्चर म्हणतात. डोक्यात रक्त सांडलं आहे का, ते त्यावरून कळतं. सांडलं नव्हतं. हे चांगलं आहे, असं नर्स म्हणाली. चांगलं म्हणजे काय, ते मला समजलं नाही. मी व्हरांड्यात बसून राहायची. गिळताना ठसका लागू नये म्हणून पेज चमच्याचमच्यानं भरवायची. चहा पाहिजे का विचारलं की "हो". नको का विचारलं तरी "हो". कधी कधी स्वतःचाच "हो" ऐकून हे डावा हात गादीवर आपटायचे.

सौंसरहून माझा धाकटा भाऊ भीमराव आला. तो तिथल्या शाळेत मास्तर. रजा टाकून तो माझ्याबरोबर वॉर्डात थांबला. ह्यांचा पाय कसा हलवायचा, कूस कशी बदलायची, हे त्यानं माझ्याआधी शिकून घेतलं.

घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी मंडळीतले लोक जमले. गाणं सुरू झालं आणि खाटेवर पडलेले हे गाऊ लागले. आवाज घोगरा होता, पण शब्द सगळे होते. पहिलं कडवं, दुसरं कडवं, एकही शब्द चुकला नाही. बायका रडू लागल्या. चमत्कार झाला, असं सगळे म्हणाले. गाणं संपलं. मी ह्यांच्याजवळ वाकून विचारलं, "माझं नाव काय?"

"हो," हे म्हणाले.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "गाणं मेंदूच्या दुसऱ्या बाजूनं निघतं," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं पाठ झालेलं आपोआप येतं. त्या वेळी अर्थ मनात असतोच असं नाही." मग म्हणाले, की ओळखीचं काही रोज मोठ्यानं वाचून दाखवा, त्यातून शब्द सुटतील. आणि ह्यांच्या होकारावर विसंबू नका, महत्त्वाचं असेल तर तोच प्रश्न उलटा करूनही विचारत जा.

परतीच्या गाडीत डॉक्टरांचं ते एक वाक्य माझी पाठ सोडेना. आपोआप येतं. इतक्या वर्षांच्या ह्यांच्या प्रार्थना, मरणाच्या घरी दिलेला धीर, तेही असंच आपोआप निघत होतं का? आणि माझ्या प्रार्थना? असा प्रश्न मला याआधी कधी पडला नव्हता. पडला याचीच मला भीती वाटली.

ओळखीचं वाचायचं म्हणून मी शास्त्र घेतलं आणि स्तोत्रं उघडली. ह्यांनी डाव्या हातानं पानं मागे लोटली. पार पहिल्या पानापर्यंत. म्हणून मी पहिल्यापासून सुरुवात केली. शाळेतून आल्यावर रोज वाचायची.

काही आठवडे बरे गेले. मग जे ह्यांनी मला कधीच वाचून दाखवलं नव्हतं ते यायला लागलं. शत्रूच्या गावातली बायका-लेकरं, अंगावर पिणारी बाळंसुद्धा मारून टाका, असा देवाचा हुकूम. मला वाटलं मीच चुकीचं वाचते आहे. पुन्हा वाचलं. एका ठिकाणी एक सेनापती नवस करतो, की जिंकून आलो तर माझ्या दारातून जे पहिलं बाहेर येईल त्याचा बळी देईन. दारातून त्याची एकुलती एक मुलगी डफ वाजवत, नाचत बाहेर येते. आणि तो नवस फेडतो. डोंगरावर मुलाच्या अंगावर सुरी उचलणाऱ्या बापाला देवदूतानं हाक मारून थांबवलं, ते मी ह्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. ह्या मुलीसाठी कोणी हाक मारली नाही.

"देवानं का थांबवलं नाही?" मी विचारलं.

"हो."

मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर बेरजा लिहिताना त्या मुलीचा डफ माझ्या कानात वाजत होता.

सगळ्यात मोठा धक्का पुढे बसायचा होता. एका नीतिमान माणसाची दहा लेकरं एका दिवसात मरतात, तो देवावरचा विश्वास सोडत नाही आणि शेवटी देव त्याला सगळं परत देतो, ही गोष्ट मला माहीत होती. आमचा पहिला मुलगा अमोल दोन वर्षांचा असताना घटसर्पानं गेला. तेव्हा ह्यांनी मला हीच गोष्ट सांगितली होती. नंतर आमची मुलगी करुणा झाली, तेव्हा हे सगळ्यांना म्हणाले, देवानं परत दिलं. त्या गोष्टीवर मी उभी राहिले होते. करुणाला मांडीवर घेऊन अमोलसाठी डोळे भरून आले, तर आपला विश्वास कमी पडतो म्हणून मी ते पुसून टाकायची.

आता मी ते स्वतः वाचलं. त्याची गेलेली जनावरं दुपटीनं मिळाली. लेकरं दहा मिळाली, पण ती दुसरी. आधीची दहा मेलेलीच राहिली. त्यांचं पुढे कोणी नावही काढत नाही.

पाळक आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते. बाई, तो भाग कठीण आहे, तुम्ही सध्या स्तोत्रंच वाचा आणि ह्यांच्या मनाला लागेल असं काही विचारू नका, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. पण माझी प्रार्थना बंद पडली. जेवणाआधी डोकं खाली घालायची आणि आत काहीच नसायचं.

भीमराव आला तेव्हा त्यालाही सांगितलं. बाबांच्या बोलण्याची तो आता मला आठवण करून देईल, असं वाटलं होतं. तो बराच वेळ ह्यांचा पाय चोळत बसला. हे झोपले होते.

"ताई, मी काय सांगू तुले," तो म्हणाला. "मी तं त्या रस्त्यानं गेलोच नाई. पण भाऊजी एवढे वर्षं वाचून राहिले होते. तुले दिसलं ते त्याईले दिसलं नसन का? त्याईलेच विचार."

"ते सगळ्यालाच हो म्हणतात."

"मंग उलटं करून विचार. पण इचारल्याबिगर सोडू नको. ना शास्त्र, ना भाऊजी."

रविवारची दुपार होती. ह्यांना अंगणात उन्हात बसवलं होतं. मी संत्रं सोलून एकेक फोड ह्यांच्या डाव्या हातात देत होते. लोकांच्या घरून हंगामात संत्र्यांची पोती यायची, तेवढं सुख होतं. मी विचारलं, "त्या माणसाची आधीची दहा लेकरं परत आली नाहीत. तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"अमोल गेला तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

ह्यावर विसंबता येत नव्हतं. मी प्रश्न फिरवला. "की तुमचा त्या गोष्टीवर पुरता विश्वास होता? मला सांगितलीत तेव्हा तुमचं मन निःशंक होतं?"

ह्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. मान ताठ झाली, कपाळावर घाम आला. मी म्हणणार होते, राहू द्या. तेवढ्यात हे म्हणाले, "ना."

आणि मग स्पष्ट, पूर्ण, "नाही."

इतक्या महिन्यांत 'हो'खेरीज बोललेला तो पहिला शब्द. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र कोणीतरी जमिनीवर आपटल्यासारखं झालं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. म्हणजे ह्यांनाही ते दिसलं होतं. तरी मला एकटीला त्या गोष्टीवर उभं करून हे बाजूला झाले होते. माझी शंका म्हणजे माझा दोष, असं मी वीस वर्षं समजत आले, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या मनातही तीच होती. इतका राग मला त्यांच्या आजारपणात कधी आला नव्हता.

बाहेर आले तेव्हा संत्र्याची फोड मुठीत चुरडली होती आणि हे रडत होते. स्ट्रोकनंतर रोगी उगाच रडतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे उगाच नव्हतं. मी हात पुसून दिला आणि शेजारी बसले.

पुढे काही दिवस वाचन बंद राहिलं. मग एका संध्याकाळी ह्यांनीच डाव्या हातानं पुस्तक ओढून घेतलं, पानं चाचपली आणि त्याच माणसाची गोष्ट काढून माझ्यापुढे सरकवली. सुरुवात आणि शेवट मला ठाऊक होता. मधली पानं मी भरभर उलटली होती. आता ती सावकाश वाचली. मध्ये सगळं भांडण आहे. तो माणूस देवाला जाब विचारतो, जन्माला आलो तो दिवस जळो म्हणतो. धीर द्यायला आलेले मित्र त्याला ठरलेली उत्तरं ऐकवतात. आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ज्यानं भांडण केलं तोच माझ्याविषयी योग्य बोलला, असं म्हणतो.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "हो." तो खरा होकार होता. मला उलटं विचारावं लागलं नाही.

त्यानंतर शब्द एकेक करून येत गेले. पाणी. नको. थांब. माझं नाव. उन्हाळ्यात एकदा भिंतीकडे बघत हे "अमोल" म्हणाले. आमच्या घरात ते नाव मोठ्यानं घेतलं गेलं त्याला किती वर्षं झाली होती. "देव" हा शब्द मात्र आला नाही. गाण्यात येतो, बोलण्यात नाही. पाळकांना त्याचं वाईट वाटतं. मला आता वाटत नाही.

रविवारी आमच्याकडे अजून उपासना होते. मी वाचते. त्या डफवाल्या मुलीची गोष्ट मी सगळ्यांसमोर वाचली आणि मला हे समजत नाही, असं सांगून बसले. कोणी उठून गेलं नाही. एका म्हाताऱ्या बाईनं घरी जाताना माझा हात घट्ट धरला, तिच्या दोन मुली गेलेल्या होत्या.

स्ट्रोकच्या रोग्याला सांभाळणाऱ्यांना मी इतकंच सांगेन. गोळ्या चुकवू नका, हातपाय हलवत राहा, आणि तो बोलत नाही म्हणून त्याला विचारणं सोडू नका. विश्वास ठेवणाऱ्यांना यापेक्षा जास्त सांगायची माझी पात्रता नाही. प्रार्थना मी पुन्हा करते. ती पूर्वीसारखी नाही. तिच्यात प्रश्न जास्त असतात आणि मी ते पुसून टाकत नाही. ह्यांचा आजार ही देवाची कृपा होती, असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या आजारात मला माझा माणूस पहिल्यांदा पुरता भेटला, याबद्दल आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही शास्त्र पुन्हा पहिल्यापासून वाचतो आहोत. अवघड जागा आली की हे पानावर डावा हात ठेवतात आणि म्हणतात, "थांब." मी थांबते. पुढे जायची घाई आता आम्हा दोघांनाही नाही.