लाखेने बंद केलेली हंडी

शहाजी मूळचा साताऱ्याकडचा, बाजारात छत्तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेला माथाडी. निवृत्त झाल्यावर सानपाड्याच्या घरात त्याला एकच नाद लागला, टीव्हीवरच्या गुप्तधनाच्या शोधांचा. कुठल्यातरी बेटावर गोरे लोक वर्षानुवर्षं एकच खड्डा खणताहेत आणि हा जेवण थंड करून त्या खड्ड्यात डोळे लावून बसलाय. बरं, विश्वास म्हणाल तर काडीचा नाही. पेटी वर आली की सुनेला, मोनालीला, हाक मारून पेटी उचलणारा माणूस दाखवायचा, "त्याचा गुडगा बग. वाकला का? रिकामी हाय पेटी."

संशय घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दूधवाला पाणी घालतो, सोसायटीचा सेक्रेटरी पैसे खातो, बायको रंगूबाई माहेरी चुगल्या करते, हे सगळं त्याने धरूनच ठेवलेलं. भरवसा एकट्या आपल्या पाठीवर.

अशा माणसाकडे रावसाहेब आला. एकेकाळी एकाच टोळीत दोघांनी पोती उचललेली. गावी गोठ्याचा पाया खणताना तांब्याची हंडी लागली म्हणाला, तोंड लाखेने बंद. गावात बोभाटा झाला तर सरकार नेईल, म्हणून ती शहाजीकडे ठेवायची. चार दिवसांनी अमावास्या, तेव्हा पूजा करून उघडू, निम्मं तुझं. मात्र पोरीचं लग्न तोंडावर आलंय, तोवर तिच्या अंगावर घालायला थोडं सोनं दे.

हा चोर आहे, हेच शहाजीच्या मनात पहिलं आलं. त्याने रावसाहेबाला उलटसुलट विचारलं. हंडीशेजारी सापडलेलं म्हणून दाखवलेलं नाणं सोनाराकडे नेलं. ते खरं निघालं, तरी मन मानेना. मग त्याने हंडी उचलून पाठीवर घेतली. घागरीएवढीही नव्हती, पण गुडघे आपोआप वाकले. माती नव्हे, दगड नव्हे. पाठीने कौल दिला आणि संशय तिथेच संपला. रंगूबाईला विचारायचा प्रश्नच नव्हता, तिच्या पोटात काही राहत नाही असं त्याचं मत. तिच्या पाटल्या त्याने कपाटातून गुपचूप काढून दिल्या आणि हंडी माळ्यावर गाद्यांमागे सारली.

दुसऱ्याच दिवशी पाटल्या गेल्याचं रंगूबाईला कळलं. किल्लीची जागा आपल्याशिवाय फक्त मोनालीलाच ठाऊक, असा तिचा समज. आधी ती नुसती धुसफुसली, मग सुनेला तोंडावर चोर म्हणाली. न्हावा शेव्याला कामाला असलेला मुलगा उदयसिंह बायकोची पर्स उलटी करत होता, तेही शहाजीने पाहिलं आणि गप्प राहिला. चार दिवसांचा तर प्रश्न, त्याने मनाला समजावलं, हंडी उघडली की सुनेला हारच घालीन. एवढा कोडगेपणा त्याच्यात कुठून आला, देव जाणे.

अमावास्येला रावसाहेब आला नाही. फोन बंद. दुपारी शहाजीने हंडी खाली काढली आणि लाख फोडली. आत शिशाचे गोळे, कोळी जाळ्यांना लावतात तसले, आणि मधल्या फटींत दाबून भरलेला भुसा. रावसाहेबाने त्याच्यासोबत वीस वर्षं ओझी उचलली होती. हा गडी कशावर विश्वास ठेवतो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आतल्या खोलीत मोनाली दिघ्याला, माहेरी जायची बॅग भरत होती. शहाजी हंडी घेऊन दारात उभा राहिला, रंगूबाईलाही बोलावलं आणि दोघींसमोर सांगून टाकलं, "पाटल्या म्या नेल्या. हिचा काय बी दोस न्हाई."

रंगूबाईने हंडीत हात घालून एक गोळा बाहेर काढला. मोनालीने हंडीत डोकावूनसुद्धा बघितलं नाही.

"आबा," ती म्हणाली, "चार दिवस माझ्याच हातची भाकरी खात होता. तेव्हा माहीत होतं ना तुमाला?"

शहाजीने होकारार्थी मान हलवली. तिने बॅगेची चेन ओढली, आणि त्याने दारातून बाजूला होऊन तिला वाट दिली.