तिसऱ्यांदा परत आलेला ट्रॅक्टर

दूधवाल्या काकांचा म्हातारा ट्रॅक्टर तिसऱ्यांदा दोराला बांधून सासऱ्यांच्या घरालगतच्या गॅरेजात आला, तेव्हा सासूबाईंनी खिडकीतूनच सांगून टाकलं, की आता त्याला घरात एक खोली काढून द्या. काका हसले नाहीत. आज चालला तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो, म्हणाले.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. उभा जन्म त्यांनी जुन्या ट्रॅक्टरांची दुखणी काढली होती. हा तर त्यांचा लाडका. पहिल्या खेपेला आला तेव्हा हौसेनं त्याला लालभडक रंगही दिला होता. तेव्हापासून त्याची एकच खोड. थोडा वेळ झकास चालायचा, मग धापा टाकत बंद. विसावला की पुन्हा शहाण्यासारखा सुरू. त्यांनी फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, डिझेलचा पंप उघडून पाहिला. हा पुन्हा आला तर शटर कायमचं ओढायचं, असं ते जेवताना ताटाकडे बघत बोलून गेले होते.

सुनेनं ते ऐकलं होतं. नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट आवडायचा, गॅरेजात तो फिरकायचा नाही, म्हणून सासऱ्यांना पाने-पक्कड देता देता तीच हे काम शिकली. डिझेलच्या हातानं मिठाच्या बरणीला शिवायचं नाही, असा सासूबाईंचा कायदा होता. गॅरेज बंद झालं तर तिच्या वाट्याला नुसती बरणीच उरणार होती.

"मी बघू का?" तिनं विचारलं. सासऱ्यांनी मान डोलावली. काकांनी आभाळाकडे पाहिलं.

तिनं काहीच उघडलं नाही. ट्रॅक्टर सुरू केला आणि बंद पडेपर्यंत शेजारी उभी राहिली. बंद पडल्याबरोबर फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला. डिझेल जेमतेम ठिबकत होतं. मग टाकीचं झाकण फिरवलं. टाकीनं सुस्कारा सोडल्यासारखी हवा आत ओढली आणि स्क्रूपाशी जाड धार लागली. डिझेल खाली उतरताना वरून हवा यावी म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. ते लालभडक रंगानं बुजलं होतं.

तिनं झाकण मुठीत लपवलं. कचरा अडकलाय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सासऱ्यांनी तिची मूठ उघडली, झाकण उजेडाकडे धरलं आणि काकांकडे वळले.

"रंग मी मारला, भोक मी बुजवलं. याचं पोट फाडून बघत बसलो, नाक दाबलंय हे काही सुचलं नाही. शोधलं ते हिनं."

त्यांचा आवाज जराही पडला नव्हता. मुलाला नोकरी लागली तेव्हाही तो इतका चढला नव्हता.

भोक सुईनं मोकळं झालं. बंद पडायची वेळ टळून गेली तरी इंजिन धडधडतच राहिलं. पुढच्या वेळी हाक कुणाला मारायची, असं काकांनी विचारलं.

"हिला. मला फक्त रंगाला बोलवा," सासरे म्हणाले.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिला नीट ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या, "आवाज येतोय ना? आमच्या सूनबाईंनी चालू केलाय."