अक्काच्या माशाला औषध मिळेना

गारगोटीच्या माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. मोतीबिंदू काढायला ती लेकीकडं पुण्याला निघाली, तेव्हा वाटेत आमच्या घरी उतरली. जीपमधून आधी काचेची टाकी उतरली, मग झाकणाची बादली आणि मग अक्का. बादलीत तिचा मासा होता. ऑस्कर म्हणतात त्या जातीचा, काळ्या अंगावर विस्तवासारखे पट्टे, आणि तोंडावर कायम कुणीतरी उधारी बुडवल्यासारखा भाव. दाजींनी तो बोटाएवढा असताना आणला होता. दाजी गेले आणि मासा मात्र वीतभर झाला. अक्का त्याच्याशी बोलते. म्हणजे तसं ती सगळ्यांशीच बोलते, पण मासा मधे बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

जाताना तिनं एवढंच सांगितलं, "मी येईस्तवर ह्येला जित्ता ठेव. लाड करू नगोस."

लाड करू नको म्हटलं की मला चेव येतो. टाकीच्या काचेवर आतून हिरवट शेवाळ धरलं होतं. बहिणीचा मासा आपल्या घरात असा कळकट राहतोय, लोक काय म्हणतील, असं मनात आणून मी एका रविवारी टाकी पूर्ण रिकामी केली. दगड घासले, काच घासली, आमच्या तालमीतला हौदसुद्धा कधी एवढा घासला नसेल. मग नळाची तोटी सोडली. थंडीचे दिवस, पाणी असं गार की बोटं आखडली. मासा आत सोडल्यावर त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, तळाशी गेला आणि कुशीवर आडवा झाला. या जातीचे मासे रुसले की असे आडवे होतात, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मी बायकोला म्हटलं, "बघ, स्वच्छ पाण्यात कसा निवांत झोपलाय."

दोनेक दिवसांत त्याच्या अंगावर रवा उधळल्यासारखे पांढरे ठिपके आले आणि तो दगडाला अंग घासायला लागला.

माझं वायरिंगच्या सामानाचं दुकान शाहूपुरीत. पलीकडच्या गल्लीत माशांचं दुकान आहे. तिथं रंगीत खडे होते, प्लॅस्टिकचं झाड होतं, झाकण उघडून बुडबुडे सोडणारा सांगाडा होता. माशाचं औषध तेवढं नव्हतं. ठिपक्यांचं ऐकून दुकानदार म्हणाला, औषध मुंबईहून येतं, पण बाटल्या फुटतात म्हणून पार्सलवाला घेत नाही, आलं की सांगतो. मोबाइलवर मागवायला गेलो तर आमच्या भागात पोचवत नाही असं उत्तर आलं. माणसांच्या औषधांच्या दुकानातल्या पोरीनं आधी पेशंटचं वय विचारलं.

शेवटी जनावरांच्या औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी सवयीनं गाय का म्हैस विचारलं. मी मासा म्हणालो. ते हसले नाहीत, उलट फार आस्थेनं एक बाटली काढून चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले की ह्यातला कमीत कमी डोस रेडकाचा हाय. मी म्हटलं, मग माशाला कसा द्यायचा? त्यावर ते म्हणाले, "एक थेंब रंकाळा तळ्यात टाका पावणं, आणि तिथलं तांब्याभर पाणी टाकीत घाला."

मी हात हलवत माशांच्या दुकानात परत आलो. तेव्हा तो दुकानदार म्हणाला की औषध येईस्तवर पाणी कोमट ठेवा आणि खडेमीठ घाला, घरातलं बारीक मीठ नको. पाणी तापवायची काचेची कांडी त्याच्याकडं होती, ती घेतली. खडेमीठ तर घरीच होतं. आता सोपं होतं.

या सगळ्यात रोज संध्याकाळी अक्काचा व्हिडिओ कॉल यायचा. एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं होतं, काळा चष्मा लागला होता, आणि तिला मासा बघायचा असायचा. ठिपके आले त्या संध्याकाळी मी फोन जरा लांब धरला. तरी तिनं विचारलंच, "त्येच्या अंगावर पांढरं काय दिसतंय रं?"

मी क्षणभरही न अडखळता म्हणालो, "तुझा डोळा नवा हाय अजून अक्का. हुईल सवय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी ओळखतो, पण त्या वेळी मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेलेली. माळ्यावर चिनी मातीच्या बरण्या ओळीनं होत्या. एकीचं फडकं सोडलं तर आत पांढरेशुभ्र खडे. मी बरणी काखेत मारून खाली उतरलो. आता आमच्याकडं वर्षाची कांदा-लसणाची चटणी करतात, ती बरणीत दाबून भरतात आणि टिकावी म्हणून वर खडेमिठाचा थर देतात. जन्मभर ती चटणी भाकरीशी खाल्लेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं. मला ठाऊक होतंही. पण डोक्यात मासा होता. चष्मा लावायचा कंटाळा करून मी बरणीत वाटी घातली, खोल दाबली, आणि जे आलं ते टाकीत ओतलं.

आधी मीठ तळाशी गेलं. मग त्याच्या मागून लाल धूर उठावा तसं काहीतरी पसरलं. मग पाण्यावर तेलाची तर्री आली. नुसत्या वासानं मला शिंक आली. मासा, जो तीन दिवस तळ सोडत नव्हता, तो टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाणासारखा जायला लागला. तेवढ्यात बायको दारातून आत आली आणि फोन वाजला. अक्काची वेळ ठरलेली.

फोन उचलला नाही तर ती काळजी करणार, म्हणून उचलला. कॅमेरा भिंतीकडं वळवेपर्यंत तिनं टाकी बघितली होती. आज समदं लाल लाल का दिसतंय, असं तिनं विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता. मी म्हणालो, डोळ्यात औषध घालतायत ना, त्यानं दिसतं तसं. आणि रेंज गेली असं सांगून फोन बंद केला.

बायकोनं तोवर हात घालून मासा बादलीत घेतला होता. वर्षाची चटणी माशाला घातली, आता मटण कशात करायचं ते माशालाच विचारा, असं ती म्हणाली. पण म्हणता म्हणता ती बादलीतलं पाणी हाताला लावून कोमट आहे का बघत होती. मी टाकी धुतली. या खेपेला पाणी कोमट करून मग भरलं. मीठ वाण्याकडून आणलं आणि ते चष्मा लावून, चाखून घातलं.

सकाळी भाचीचा फोन आला. तिचा आवाज दबका होता. म्हणाली, "मामा, आईला परवापासून पांढरे ठिपके आणि कालपासून लाल दिसायला लागलंय. डॉक्टरांनी रात्रीच तपासलं, त्यांना काही सापडेना. उद्या मोठ्या तपासणीला बोलावलंय. ती जेवली नाही रात्री. आणि विचित्र म्हणजे घरातलं काहीच लाल दिसत नाही तिला. फक्त मासा."

मी म्हटलं, अक्काला फोन दे.

काय काय सांगितलं ते इथं परत लिहीत नाही, सांगायला लागलो तेव्हा बायको मुद्दाम शेजारी येऊन उभी राहिली होती. टाकी धुतल्यापासून बरणीपर्यंत सगळं सांगितलं.  मला वाटलं या वेळी अक्काच रेंज गेली म्हणून फोन बंद करणार.

मग अक्का म्हणाली, "म्हंजे माजा डोळा बरा हाय म्हण की."

"बरा हाय अक्का."

"आणि त्यो?"

मी टाकीकडं बघितलं. मासा टाकीत आडवा होता. कल्ले हलत होते. एवढंच मी सांगितलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, डॉक्टर सोडतील तशी येते, आणि तोवर फोनवर मासा दाखवत जा, जसा असंल तसा.

त्यानंतर आमच्या घरात रोजचा एकच क्रम लागला. सकाळी थोडं पाणी काढायचं, तेवढंच उन्हात ठेवलेलं मीठपाणी घालायचं, कांडीची उष्णता बघायची. संध्याकाळी अक्काला फोनवरून टाकी दाखवायची. ती ठिपके मोजायचा प्रयत्न करायची आणि मधेच सोडून द्यायची. एका सकाळी ठिपके दिसेनात, तेव्हा मी मीठ बंद करायला निघालो. बायकोनं वाटी हातातून काढून घेतली. माशांच्या दुकानदारानं आम्हा दोघांना बजावलं होतं की हा रोग अंगावरून उतरतो, पाण्यात लपतो आणि परत चढतो, म्हणून पुढंही काही दिवस मीठ चालू ठेवायचं. मी ते ऐकलं होतं. बायकोनं लक्षात ठेवलं होतं. मुंबईचं औषध अजूनही आलेलं नाही.

अक्का आली तेव्हा चप्पल काढून तडक टाकीसमोर खुर्ची ओढून बसली. काळा चष्मा कपाळावर केला. ठिपका एकही नव्हता, शेपटीची कड तेवढी जरा कातरलेली. मासा जागा होता, तिला बघून दगडामागं गेला आणि पाठ करून उभा राहिला. माझ्यावर राग असणं मी समजू शकत होतो. तिच्यावरही होता हे बघून मला थोडा आधार वाटला, खोटं कशाला बोलू.

अक्कानं खाण्याचा दाणा पाण्याच्या वर धरला. "डोळा करायला गेलते," ती त्याला म्हणाली, "मजा मारायला न्हाय." हात तसाच धरून ती बसली. चहा निवला. मी दुसरा टाकू का विचारलं, तर तिनं मानेनंच नको म्हटलं.

बऱ्याच वेळानं तो वळला. आधी नुसता काचेपाशी आला, परत गेला, परत आला. मग एकदम उसळून दाणा तिच्या बोटांसकट तोंडात घेतला आणि अक्काच्या पदरावर, चष्म्यावर पाणी उडालं. तिनं चष्मा पुसला नाही. दुसरा दाणा घेतला.

"दुसरा डोळा उन्हाळ्यात करूया म्हणत्यात," ती माझ्याकडं न बघताच म्हणाली. "तवा ह्येला संगंच न्हेते."

बायकोनं लगेच मान डोलावली. खरं सांगायचं तर मीही डोलावली.